शेवटच्या डब्याचा प्रश्न

परीक्षा दोन प्रकारच्या असतात. एकीत माणूस नापास झाला तर नुकसान त्याचं होतं. दुसरीत तो पास झाला तर नुकसान भलत्याचंच होऊ शकतं. पहिल्या प्रकारासाठी आपण मध्यमवर्गीय लोक क्लास लावतो, टीव्ही बंद ठेवतो, देव पाण्यात ठेवतो आणि आलेल्या पाहुण्याला चहाही न विचारता वाटेला लावतो. दुसऱ्या प्रकाराकडे मात्र आपलं लक्षच नसतं. अमेरिकेत एका ट्रकमागे दोन किंवा तीन ट्रेलर जोडून हायवेवरून न्यायचे, तर नेहमीच्या लायसन्सवर एक जादा शेरा मिळवावा लागतो. त्या शेऱ्याची परीक्षा ही दुसऱ्या प्रकारातली. तिच्याशी माझं भांडण आहे आणि ते मी इथं चारचौघांत मांडणार आहे. तीस वर्षं शाळेत पेपर तपासलेल्या माणसाला तेवढा हक्क असावा.

आता तुम्ही म्हणाल, सांगलीच्या निवृत्त मास्तरांना अमेरिकेतल्या ट्रकची उठाठेव कशाला? तर माझा सख्खा भाचा ओहायो राज्यात ट्रक चालवतो. त्याची आई, म्हणजे आमची ताई, लग्नकार्यात कोणी विचारलं तर 'तो लॉजिस्टिक्समध्ये आहे' असं सांगते. लॉजिस्टिक्स म्हणजे काय हे विचारणाऱ्यालाही ठाऊक नसतं आणि ताईलाही. त्यामुळे दोन्ही पक्षांचा मान राहतो. मी दोन महिने त्याच्याकडे राहायला गेलो होतो, तेव्हा हा गृहस्थ याच परीक्षेची तयारी करत होता.

तयारी म्हणजे कशी? सोफ्यावर आडवं पडायचं, मोबाइल नाकासमोर धरायचा आणि अंगठ्यानं उत्तरं दाबायची. एक ॲप होतं. त्यात प्रश्न येत, चार पर्याय येत, बरोबर दाबलं की हिरवं होई, चुकलं की लाल. चुकलेला प्रश्न थोड्या वेळानं परत येई. मी थोडा वेळ पाहिलं आणि ओळखीचा वास आला. अहो, हे तर आपलं अपेक्षित! ज्या अपेक्षित प्रश्नसंचांशी मी महाराष्ट्रात उभा जन्म झगडलो, ते सातासमुद्रापार माझ्या आधी पोचून सोफ्यावर लोळत होते.

"सगळ्यांत जड ट्रेलर कुठं जोडायचा?" मी विचारलं.

"पहिला. ट्रॅक्टरच्या लगेच मागं," भाच्यानं मान वर न करता सांगितलं. तिकडे ट्रॅक्टर म्हणजे शेतातला नव्हे, तर ट्रकचं पुढचं इंजिनाचं धूड.

"का?"

"का असं विचारत नाहीत, मामा."

या एका वाक्यावर माझा सगळा आक्षेप उभा आहे.

वास्तविक ही परीक्षा मुळात वाईट हेतूनं काढलेली नाही. १९८६ पर्यंत अमेरिकेतल्या अनेक राज्यांत साध्या मोटारीच्या लायसन्सवर भलामोठा ट्रेलर ओढता येत असे. त्या वर्षी कायदा झाला, १९९२ पासून देशभर एकाच दर्जाची लायसन्सं सक्तीची झाली आणि खास गाड्यांसाठी जादा शेरे आले: टँकरचा वेगळा, स्फोटक-विषारी मालाचा वेगळा, प्रवासी बसचा वेगळा, शाळेच्या बसचा वेगळा. दोन-तीन ट्रेलरवाल्यांसाठी 'टी' हे अक्षर. शिवाय अभ्यासाला सरकारचं मॅन्युअल आहे, ते फुकट मिळतं आणि त्यातला या विषयाचा भाग एका संध्याकाळी वाचून होतो. म्हणजे ॲपवर अंगठा झिजवायला जेवढा वेळ लागतो, त्याहून कमी वेळात. पण पुस्तक वाचलं तर अभ्यास होतो ना! तेच तर टाळायचं असतं.

मी ते वाचलं. उत्तम आहे. आमच्या काळातल्या काही क्रमिक पुस्तकांपेक्षा तर फारच उत्तम, कारण त्यात प्रत्येक 'काय'च्या शेजारी 'का' दिलेलं आहे. लहानपणी आपण साखळीची शिवाशिवी खेळत होतो, ती आठवा. हातात हात धरून सगळे पळायचे, पुढचा भिडू जरासा वळायचा आणि टोकाचं बारकं पोरगं भेलकांडत जाऊन कुंपणावर आपटायचं. पुढच्याला वाटायचं, आपण तर सहज वळलो. तीन ट्रेलरच्या गाडीत शेवटचा डबा म्हणजे ते बारकं पोरगं. ड्रायव्हरनं चक्राला दिलेला झटका मागं जाता जाता वाढत जातो. मॅन्युअल सांगतं की नेहमीच्या एका ट्रेलरच्या गाडीपेक्षा तीन डब्यांच्या गाडीतला शेवटचा डबा साडेतीनपट सहज उलटू शकतो. जड डबा पुढं आणि हलका मागं, तो याच शेपटाच्या भीतीनं. सांगली-कराडकडच्या माणसाला हे फार समजावून सांगावं लागत नाही. गळीत हंगामात उसाच्या दोन ट्रॉल्या ओढणाऱ्या ट्रॅक्टरमागून ज्यानं स्कूटर चालवली आहे, त्याला मागची ट्रॉली किती स्वतंत्र विचारांची असते याचा अनुभव आहे. फक्त आपल्या ट्रॉल्या बैलगाडीच्या नात्यातल्या. ओहायोच्या टर्नपाइकवर तीन डब्यांची शंभरेक फुटी गाडी, म्हणजे आपल्या तीन एसटी एकामागोमाग बांधल्यासारखी, मोटारींच्या बरोबरीनं पळते.

या गाडीनं पुढच्या वाहनापासून किती अंतर ठेवावं? गाडीच्या दर दहा फुटांना एक सेकंद आणि ताशी चाळीस मैलांच्या वर वेग असेल तर आणखी एक. शंभर फुटांना अकरा सेकंद. भाच्यानं 'अकरा' हे उत्तर झटकन सांगितलं. ताशी साठ मैलांनी अकरा सेकंदांत गाडी किती जाते, असं मी विचारलं, तर म्हणाला, "हे सिलॅबसमध्ये नाही." मी पाठकोऱ्या कागदावर हिशेब मांडला: जवळजवळ हजार फूट. मग मात्र त्यानं मोबाइल खाली ठेवला. अकरा हा आकडा पाठ करायला सोपा. हजार फूट मोकळा रस्ता डोळ्यांसमोर आणला की पोटात गोळा येतो. आणि परीक्षेचं काम पोटात गोळा आणणं हेच आहे.

पुढं जोडाजोडी. दोन ट्रेलरच्या मध्ये चाकांची एक छोटी गाडी असते, तिला डॉली म्हणतात. नाव गोड, पण स्वभाव तिखट. तिच्या पाठीवर फिफ्थ व्हील असतं, म्हणजे पाचवं चाक. ते पाचवंही नसतं आणि चाकही नसतं. ती एक लोखंडी बैठक असते आणि तिच्या जबड्यात मागच्या ट्रेलरची खुंटी अडकते. डॉलीचा दांडा पुढच्या ट्रेलरच्या आकड्यात. आता प्रश्न: डॉली ट्रेलरखाली असताना हा आकडा उघडावा का? उत्तर: कधीही नाही. भाच्याचं हिरवं झालं. कारण तो दांडा उसळून वर येतो आणि माणसाला लागू शकतो. "दांडा केवढा असतो रे?" मी विचारलं. भाच्यानं डॉली रस्त्यावरून जाताना पाहिली होती. हात कधी लावला नव्हता!

तीच गोष्ट ब्रेकची. ब्रेक हवेवर चालतात. ट्रेलरच्या मागं हवेच्या नळ्यांना तोट्या असतात. मधल्या ट्रेलरच्या उघड्या हव्यात, शेवटच्या बंद. मधली एखादी बंद राहिली तर ब्रेक लावणारी हवा मागच्या डब्यापर्यंत पोचतच नाही. म्हणून शेवटपर्यंत चालत जायचं, तिथली तोटी उघडायची, हवेचा फुसकारा कानांनी ऐकायचा आणि तोटी पुन्हा बंद करायची. हे ऐकणं अंगठ्यानं दाबता येत नाही.

आणि हीच या परीक्षेची गंमत आहे. तिला प्रात्यक्षिकच नाही. बहुतेक राज्यांत वीस प्रश्न, ८० टक्क्यांना पास, म्हणजे सोळा बरोबर. आपल्याकडे लर्निंग लायसन्सला ६० टक्के पुरतात, तेव्हा ८० ऐकून छाती दडपेल. पण बसचा शेरा हवा असेल तर प्रत्यक्ष बस चालवून दाखवावी लागते, 'टी'साठी काहीही चालवून दाखवावं लागत नाही. फेब्रुवारी २०२२ पासून तिकडे नव्या ड्रायव्हरला, तसंच प्रवासी बस, शाळेची बस आणि धोकादायक माल यांच्या शेऱ्यांना आधी प्रशिक्षण सक्तीचं झालं. त्या यादीतही 'टी' नाही. बसमध्ये माणसं असतात, हे मान्य. पण तीन डब्यांच्या गाडीच्या आजूबाजूला मोटारींतून काय बटाटे जातात?

यावर तीन उत्तरं मिळतात. पहिलं, या माणसाकडे एका ट्रेलरचं मोठं लायसन्स असतंच आणि ते गाडी चालवून दाखवल्यावरच मिळतं. खरं आहे. पण एक मूल सांभाळणाऱ्याला तिळी आपोआप सांभाळता येतात, असं एखाद्या आईला सांगून पाहा. दुसरं, ८०,००० पौंडांवरच्या, म्हणजे साधारण ३६ टनांवरच्या, अशा गाड्यांसाठी २००४ पासून वेगळ्या प्रशिक्षणाचा नियम आहे. तोही खरा. मग ७९,००० पौंडांची गाडी काय पिसांची असते? तिसरं, कंपनी शिकवतेच. चांगल्या कंपन्या शिकवतातही. पण मग परीक्षा कशाची घेतली? उद्या एखाद्या विद्यापीठानं 'डॉक्टरची पदवी देतो, पोट कापायचं दवाखानेवाले शिकवतील' असं म्हटलं, तर आपण मोर्चा काढू.

इथं मोर्चा निघत नाही, आणि तो का निघत नाही हे मला ताईच्या 'लॉजिस्टिक्स'मुळे कळलं. ड्रायव्हरला अभ्यास लागतो हेच आपल्याला पटत नाही. आपल्या लेखी अभ्यास खुर्चीवर बसून पोट भरणाऱ्यांसाठी. चक्रामागं बसणाऱ्याला फक्त 'हात' लागतो. ज्या कामाची आपल्याला लाज वाटते, त्याची परीक्षा कशीही झाली तरी आपल्याला चालते. मुलगा इंजिनिअरिंगचे प्रश्न पाठ करून पास झाला तर आपण शिक्षणाचा दर्जा घसरला म्हणून पत्र लिहितो. ड्रायव्हर पाठ करून पास झाला तर म्हणतो, चला, त्याचं काम झालं! आणि आश्चर्य असं की आपला जीव रोज असतो तो त्या ड्रायव्हरच्या हातात.

भाच्याला मी मास्तरी पद्धतीनं शिकवलं. ताईनं पाठवलेल्या मसाल्यांची तीन खोकी सुतळीनं जोडली, जड पुढं, हलकं मागं, आणि जेवणाच्या टेबलावरून ओढत एकदम वळवली. मग उलट क्रमानं. दुसऱ्या वेळी तिसरं खोकं गेलं ते थेट गालिच्यावर आणि घरभर गोड्या मसाल्याचा वास सुटला. "म्हणून जड पुढं!" भाचा ओरडला. त्याची बायकोही ओरडली, पण वेगळ्या कारणानं. तो पास झाला, आणि पहिल्या खेपेआधी एका जुन्या सहकाऱ्याकडून डॉली जोडायला-सोडायला शिकला. कायद्यानं त्याला हे करायला सांगितलं नव्हतं.

माझी मागणी मोठी नाही. वीस प्रश्न असू द्यात. फक्त त्यांच्यानंतर परीक्षकानं उमेदवाराला मैदानात न्यावं, एक डॉली जोडायला लावावी, शेवटच्या डब्यापर्यंत चालत पाठवावं आणि वाटेत एवढंच विचारावं: का? आणि हे होईपर्यंत निदान लायसन्सवर एक ओळ जादा छापावी. ८० टक्क्यांना पास म्हणजे चार उत्तरं चुकली तरी चालतात. ती चार कोणती होती, हे शेवटच्या डब्याशेजारून जाणाऱ्या माणसाला आधी कळलेलं बरं.