चीनच्या मंडळीसाठी प्रार्थना करताना




आपल्या प्रार्थनासभांत चीनचा विषय निघाला की दोनच सूर कानी येतात. एक म्हणतो, तिथं दार बंद आहे, छळ आहे, गुपचूप पवित्र शास्त्र पोचवलं पाहिजे. दुसरा म्हणतो, लवकरच जगातली सर्वांत मोठी मंडळी तिथंच असेल. दोन्हींत तथ्य आहे, पण अर्धंच.

1949 साली कम्युनिस्ट राजवट आली तेव्हा चीनमध्ये प्रॉटेस्टंट विश्वासणारे फार तर दहा लाख होते. पुढच्या काही वर्षांत परदेशी मिशनरी गेले. 1966 नंतर सांस्कृतिक क्रांतीत चर्चना कुलुपं लागली, ती 1979 पासून उघडू लागली. आणि 2018 च्या सरकारी श्वेतपत्रिकेतच प्रॉटेस्टंटांचा आकडा 3 कोटी 80 लाख आहे. घरमंडळ्या धरून याहून कितीतरी मोठे आकडे सांगितले जातात, पण ते अंदाजच. मुद्दा असा की, ही वाढ परदेशी मिशनरी तिथं नसताना झाली. ती गावोगावच्या साध्या माणसांनी केली.

मग सरकारला एवढा संशय का? हुकूमशाहीला आपल्या हाताबाहेरची कुठलीच संघटना चालत नाही, हे पहिलं कारण. पण दुसरं कारण इतिहासात आहे, आणि तिथं आपण इंदूरकरांनी जरा थांबावं. आपल्या माळव्याची अफू मुंबई बंदरातून चीनला जात असे. ती विकणाऱ्या जहाजावर गुट्झलाफ हे मिशनरी 1832 साली दुभाषी म्हणून गेले आणि त्याच फेरीत सुवार्तेची पत्रकं वाटत राहिले. 1842 आणि 1858 चे तह तोफांच्या जोरावर झाले. दुसऱ्या तहानं मिशनऱ्यांना देशाच्या आतल्या भागात जायची मुभा मिळाली. चिनी माणसाच्या मनात सुवार्ता आणि अफू एकाच गलबतातून उतरली ती अशी.

हडसन टेलर यांनी हे ओळखलं होतं. त्यांनी चिनी पोशाख घातला आणि अफूच्या व्यापाराला विरोध केला. 1900 च्या बॉक्सर उठावात त्यांच्या चायना इनलँड मिशनची सर्वांत जास्त माणसं मारली गेली, तरी या मिशननं नुकसानभरपाई घेतली नाही. चीनमधल्या मिशनकार्याचा धडा घ्यायचा तर मी तो इथून घेईन.

आजची स्थितीही नीट समजून घ्यावी. नानजिंगच्या अॅमिटी छापखान्यात 2019 पर्यंत पवित्र शास्त्राच्या 20 कोटींवर प्रती छापल्या गेल्या. त्यातल्या पुष्कळ इतर देशांत गेल्या. त्याच देशात एप्रिल 2018 मध्ये ऑनलाइन दुकानांतून पवित्र शास्त्र काढून टाकण्यात आलं. चेंगदूचे पाळक वांग यी यांना 2019 मध्ये नऊ वर्षांची शिक्षा झाली. बीजिंगच्या झायन चर्चचे पाळक जिन मिंगरी यांना ऑक्टोबर 2025 मध्ये ताब्यात घेण्यात आलं. म्हणजे शास्त्र छापायला मोकळीक आहे, पण सरकारी चौकटीबाहेर एकत्र जमायला नाही. मात्र नोंदणीकृत चर्चमध्ये जाणारे सगळे सरकारचे हस्तक, असंही म्हणू नये. तिथंही लोक मनापासून गुडघे टेकतात.

म्हणून माझं म्हणणं एवढंच. बाहेरच्यांनी तिथं जाऊन धाडस करावं आणि फोटो दाखवावेत, त्याची किंमत तिथल्या पाळकाच्या कुटुंबानं मोजावी, हे मिशन नव्हे. बंदिवानांची नावं घेऊन प्रार्थना जरूर करू या, पण गलवाननंतरचा सीमेवरचा राग त्यात मिसळू नये. दोष कायद्याला द्यावा, चिनी माणसाला नव्हे. ‘परदेशी धर्म’ हा शब्द आपणही ऐकतो, तो कुठं लागतो ते आपल्याला सांगायला नको. आपल्यासाठी जे स्वातंत्र्य मागतो तेच त्यांच्यासाठी मागू या, आणि आकड्यांची फुशारकी बाजूला ठेवू या.

प्रभूमध्ये आपला,
एक वाचक, इंदूर