न दिसणारे विष आणि न्यायाची वाट

पुणे शहर वापरून सोडून देते ते पाणी मुळा-मुठेतून वाहत रांजणगाव सांडसपाशी भीमेला मिळते. तीच भीमा पुढे दौंडचा काठ ओलांडून सिद्धटेकच्या गणरायाचे चरण धूत उजनीत उतरते आणि पंढरीत चंद्रभागा म्हणून लाखो वारकऱ्यांच्या मस्तकी लागते. या प्रवाहाच्या आसपास, शिरूर तालुक्यात रांजणगाव आणि दौंड तालुक्यात कुरकुंभ, अशा दोन मोठ्या औद्योगिक वसाहती उभ्या आहेत. कुरकुंभची ओळखच रासायनिक आणि औषधी कारखान्यांची. रांजणगावात घातक औद्योगिक कचऱ्याच्या विल्हेवाटीचा प्रकल्प. विहिरी-कूपनलिकांच्या पाण्याचा रंग बदलल्याच्या, वास येत असल्याच्या या भागातील तक्रारी जुन्या आहेत. पाण्याचा रंग आणि वास निदान माणसाला सावध तरी करतात. ज्याला रंग नाही, वास नाही, चवही नाही अशा विषाचे काय, हा प्रश्न त्याहून गंभीर आहे.

शिसे हे असे विष आहे. पाणी उकळल्याने ते जात नाही. उलट पाणी आटते आणि शिशाचे प्रमाण वाढते. तुरटी किंवा क्लोरिनच्या थेंबांनी त्याचा बंदोबस्त होत नाही. पोटात गेलेल्या शिशापैकी प्रौढ माणूस जेवढे शोषतो, त्याच्या चार ते पाच पट लहान मूल शोषू शकते. ते हाडांत साठून राहते आणि गर्भारपणी मातेच्या हाडांतून गर्भापर्यंत पोहोचते. बुद्धीची वाढ, एकाग्रता, वर्तन यांवर होणारा परिणाम बहुधा भरून येत नाही. भारतीय मानकानुसार पिण्याच्या पाण्यात लिटरमागे ०.०१ मिलिग्रॅमपेक्षा अधिक शिसे असता कामा नये, आणि या मर्यादेला कोणतीही सवलत नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या मते तर शिशाची सुरक्षित अशी पातळीच ज्ञात नाही. वर्गात मागे पडणाऱ्या मुलाला आईबाप आळशी म्हणून रागावतात, शिक्षक ‘ढ’ म्हणून मागच्या बाकावर बसवतात. दोष घागरीतल्या पाण्याचा असू शकतो, ही शंकाही कोणाला येत नाही.

अमेरिकेतील फ्लिंट या शहराने ही किंमत मोजली. एप्रिल २०१४ मध्ये खर्च वाचवण्यासाठी शहराचा पाणीस्रोत बदलला गेला. नदीच्या पाण्यावर गंजरोधक प्रक्रिया केली गेली नाही आणि जुन्या नळांतील शिसे घराघरांत उतरले. अधिकारी ‘पाणी सुरक्षित आहे’ असेच सांगत राहिले. सप्टेंबर २०१५ मध्ये डॉ. मोना हॅना-अटिशा या बालरोगतज्ज्ञ महिलेने मुलांच्या रक्ततपासणीचे आकडे जगासमोर मांडले, तेव्हा सरकारला मान झुकवावी लागली. नोव्हेंबर २०२१ मध्ये न्यायालयाने सुमारे ६२ कोटी ६० लाख डॉलरच्या तडजोडीला मान्यता दिली आणि तिचा बहुतांश वाटा मुलांसाठी राखला. तेथील जनता संतप्त होतीच. पण सरकारचे तोंड बंद केले ते मुलांच्या रक्ताच्या अहवालांनी.

आपल्याकडे कायद्याची उणीव आहे, असा एक समज आहे. तो खरा नाही. सर्वोच्च न्यायालयाने १९९१ मध्ये सुभाषकुमार खटल्यात प्रदूषणमुक्त पाणी हा घटनेच्या २१ व्या कलमातील जगण्याच्या हक्काचाच भाग मानला. त्याआधी १९८० मध्ये रतलाम नगरपालिकेच्या खटल्यात ‘पैसे नाहीत’ ही सबब नगरपालिकेला कर्तव्यातून मोकळे करत नाही, असे बजावले गेले. टँकर किंवा पर्यायी पाण्याची तातडीची गरज असेल तर कलम २२६ खाली मुंबई उच्च न्यायालयाचे दार ठोठावता येते. सार्वजनिक उपद्रव दूर करण्याचा आदेश देण्याचा अधिकार भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १५२ नुसार प्रांताधिकाऱ्यांना आहे. पाणीपुरवठा ही लोकोपयोगी सेवा असल्याने स्थायी लोकअदालतीकडेही जाता येते. दोष नळाच्या किंवा जोडणीच्या मालात असेल तर २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यातील उत्पादक-दायित्वाची तरतूद उपयोगी पडते. तेथे मुदत दोन वर्षांची आहे.

नुकसानभरपाईचा मुख्य मार्ग मात्र राष्ट्रीय हरित लवादाचा, आणि त्याचे पश्चिम विभागीय खंडपीठ पुण्यातच आहे. २०१० च्या कायद्याचे कलम १५ पीडितांना भरपाई आणि पर्यावरणाची पुनर्स्थापना देते. त्यासाठी मुदत कारण प्रथम उद्भवल्यापासून पाच वर्षे. प्रदूषण थांबवण्यासाठी कलम १४ खाली जायचे तर अवघे सहा महिने. दोन्हीकडे सबळ कारण असल्यास साठ दिवसांची वाढ मिळू शकते. कलम १७ नुसार अर्जदाराला कारखान्याचा निष्काळजीपणा सिद्ध करावा लागत नाही. भरपाईच्या अर्जाला मागणीच्या एक टक्का, किमान एक हजार रुपये शुल्क असते. दारिद्र्यरेषेखालील कुटुंबांना ते माफ आहे. स्त्रिया, बालके, अनुसूचित जाती-जमातींतील व्यक्ती यांना विधी सेवा प्राधिकरणाकडून वकीलही विनामूल्य मिळतो. याच पुणे खंडपीठाने फेब्रुवारी २०१५ मध्ये उरण-पनवेल परिसरातील १,६३० मच्छीमार कुटुंबांना सुमारे ९५ कोटी रुपयांची भरपाई देण्याचा आदेश बलाढ्य सार्वजनिक संस्थांविरुद्ध दिला होता, हे विसरता येणार नाही.

तथापि निकाल लागला म्हणजे न्याय मिळाला, असे होत नाही. राजस्थानातील उदयपूरजवळच्या बिछडी गावाच्या विहिरी रासायनिक कारखान्यांनी नासवल्या. १९८९ मध्ये याचिका झाली, १९९६ मध्ये ‘प्रदूषण करणाऱ्यानेच भरावे’ असा ऐतिहासिक निकाल लागला. पण कारखानदारांनी अर्जांवर अर्ज करून पैसे भरणे टाळले आणि २०११ मध्ये सर्वोच्च न्यायालयाला चक्रवाढ व्याजासह वसुलीचा आदेश द्यावा लागला. दीर्घ लढाईत एकटे कुटुंब थकते. संघटित गाव टिकते.

म्हणूनच या प्रश्नात कार्यकर्त्यांचे काम मोर्चा आणि निवेदन यांपाशी संपत नाही. ग्रामपातळीवरील साध्या तपासणी संचात शिसे कळत नाही. त्यासाठी प्रयोगशाळाच लागते. सकाळी नळ उघडल्याबरोबरचे पाणी आणि काही वेळ वाहू दिल्यानंतरचे पाणी असे वेगळे नमुने घ्यावेत. पहिल्यातच शिसे अधिक आढळले तर संशय घरच्या नळावर जातो, दोन्हींत सारखे आढळले तर स्रोतावर. आणि प्रतिवादी कोण, हे त्यावरच ठरते. नमुन्यावर तारीख, वेळ, ठिकाण आणि साक्षीदारांच्या सह्या हव्यात. मुलांच्या रक्ततील शिशाची तपासणी वैद्यकीय सल्ल्याने करून अहवाल जपून ठेवावेत. प्रदूषण नियंत्रण मंडळाकडे लेखी तक्रार करून पोच घ्यावी आणि मंडळाने स्वतः नमुने घ्यावेत असा आग्रह धरावा; कारण जलप्रदूषण कायद्याखालील कारवाईत कलम २१ च्या रीतीने घेतलेला नमुनाच ग्राह्य धरला जातो. मंडळाचे जुने अहवाल माहिती अधिकारातून मागवता येतात. पहिल्या तक्रारीची तारीख वहीत नोंदलेली असली तर मुदतीचा वाद प्रतिपक्षाला सहजी उकरून काढता येत नाही.

येथे एक अडचण उघडपणे मान्य केली पाहिजे. ज्या कारखान्याविरुद्ध गावाला अर्ज करायचा, त्याच कारखान्यात गावची मुले कामाला असतात. कोणाचा टँकर, कोणाचे कंत्राट, कोणाची खानावळ त्यावर चालते. त्यामुळे तक्रारीच्या कागदावर सही करताना हात अडखळतो. उद्योग बंद पडावेत, ही मागणी नाही आणि असूही नये. देशाला कारखाने हवे आहेत. परंतु सांडपाण्यावरील प्रक्रियेचा खर्च वाचवून मिळवलेला नफा हा कारखानदारीचा पराक्रम नव्हे. तो खर्च शेवटी गावातले एखादे मूल आपल्या बुद्धीने भरत असते. जे उद्योजक नियम पाळतात, त्यांच्यावरही हा अन्यायच आहे.

नदीला माता म्हणणाऱ्या समाजावर तिच्या पाण्याचा हिशेब ठेवण्याचेही उत्तरदायित्व येते. शिरूर-दौंडच्या प्रत्येक गावात दोन सुशिक्षित तरुण, एक शिक्षिका, एक डॉक्टर आणि एक वकील एवढे जरी एकत्र आले, तरी वर्षातून दोनदा पाणी तपासून त्याची नोंद ठेवणे अशक्य नाही. कायद्याने पाच वर्षांची मुदत दिली आहे. वाढत्या मुलाच्या मेंदूला तेवढी सवड नसते. पहिला नमुना या महिन्यातच प्रयोगशाळेत गेला पाहिजे.