खिळ्यांचे बूट घेण्याआधी माती पाहा

गेल्या महिन्यात, ऐन लावणीच्या दिवसांत, पौडला पंचायत समितीच्या आवारात एका शेतकऱ्याने मला अडवले. मला वाटले, युरिया-डीएपीच्या ब्रिकेटबद्दल काही विचारायचे असेल, नाहीतर अनुदानाचा अर्ज अडकला असेल. पण त्याने पिशवीतून कागदात गुंडाळलेला एक बूट काढला आणि उलटा करून माझ्यापुढे धरला. तळव्याला सात खिळे, पुढचा भाग लाकडासारखा ताठ. "साहेब, पोरीला पळायला आणि ते अडथळे असतात त्याला घेतलेत. दुकानदार म्हणाला, एक नंबर माल. पण पोरगी म्हणते पोटऱ्या भरून येतात, घालवत नाहीत. परत करू का राहू देऊ?"

शेतीखात्यातल्या माणसाला हा प्रश्न कशाला, असे वाचकांना वाटेल. शाळेत असताना मी अडथळ्यांची शर्यत पळायचो, हे त्या गावात ठाऊक आहे. शिवाय भागात फिरताना मैदानावर पोरे पळताना दिसली की माझी गाडी आपोआप थांबते. तालुक्याच्या शालेय स्पर्धा आता तोंडावर आल्या आहेत. आईबाप दुकानात जाऊन हजार, दोन हजार, कोणी कोणी पाच हजार मोजून बूट आणतात आणि त्यातले बरेचसे पैसे पाण्यात जातात. म्हणून आज खतांचे राहू द्या, बुटांचे बोलू.

बैलाला पत्र्या मारायच्या तर जाणता माणूस आधी विचारतो, बैल डांबरी सडकेवर गाडीला चालणार की नुसता खाचरात? चिखलात पत्रीचा उपयोग नाही आणि सडकेवर पत्रीवाचून खूर झिजतो. एवढी अक्कल आपण बैलाच्या पायाला वापरतो. पोराच्या पायाला मात्र रंग बघून, नाहीतर टीव्हीवर कोणाच्या पायात पाहिले म्हणून बूट घेतो. दुकानदार मुलाला विचारतो, "किती मीटर पळतोस?" तो प्रश्न दुसरा. पहिला प्रश्न हा, की आठवड्यातले सहा दिवस तू कशावर पळतोस?

आपल्या मुळशीत याचे उत्तर बहुतेक ठिकाणी 'मुरमावर' असे आहे. शाळेचे मैदान म्हणजे डोंगर फोडून सपाट केलेली जागा, वर मुरूम. पावसाळ्यात त्यावर शेवाळ, उन्हाळ्यात ते दगडासारखे कडक. अशा जमिनीत खिळा शिरत नाही. शिरला नाही की धावणारा खिळ्यांच्या टोकांवर उभा राहतो, जणू पायाखाली खडे बांधले आहेत. प्रत्येक पावलाला खिळ्याचे बूड तळव्याला टोचते आणि घोट्यामागच्या शिरेला हिसका बसतो. कडक मुरमावर साधे, हलके, पातळ तळव्याचे पळायचे बूटच बरे. हे ऐकून पोरे नाराज होतात, पण माझा यावर ठाम आग्रह आहे. सिमेंटवर आणि डांबरावर तर खिळे घालून चालूसुद्धा नये.

लाल मातीचा, रोलर फिरवून ओल धरलेला चांगला ट्रॅक असेल तर नऊ ते बारा मिलिमीटरचा खिळा चालतो. गवतावर किंवा भात निघाल्यावर भुसभुशीत राहिलेल्या खाचरात बारा किंवा थोडा जास्त. आणि सिंथेटिक ट्रॅकवर सहा मिलिमीटर पुरे. आंतरराष्ट्रीय नियमाप्रमाणे सिंथेटिकवर धावण्याच्या शर्यतींना नऊ मिलिमीटरपर्यंत मुभा आहे आणि एका बुटाला जास्तीत जास्त अकरा खिळे लावता येतात. पण ट्रॅक सांभाळणारे लोक बहुधा सहाचाच आग्रह धरतात, कारण लांब खिळ्याने रबर फाटते. सिंथेटिक नसलेल्या जमिनीला पंचवीस मिलिमीटरपर्यंत परवानगी आहे. एवढा लांब खिळा आपल्याला कधी लागायचा नाही.

म्हणजे मुद्दा असा, की खिळे पान्याने काढता-घालता येतील असाच बूट घ्यावा. मातीसाठी एक संच, सिंथेटिकसाठी एक संच आणि सोबत पाना. हा पाना इंग्रजी टी अक्षरासारखा असतो, किमतीला किरकोळ. पण ऐन वेळी तो नसला तर काय होते ते मला चांगले माहीत आहे. ते पुढे सांगतो.

सिंथेटिक ट्रॅक आपल्याला नवलाईचा नाही. १९९४ च्या राष्ट्रीय क्रीडा स्पर्धांसाठी म्हाळुंगे-बालेवाडीचे शिवछत्रपती क्रीडा संकुल उभे राहिले, त्यातले म्हाळुंगे आपल्याच तालुक्यातले. २००८ साली तिथे राष्ट्रकुल युवा स्पर्धा झाल्या, २०१३ साली आशियाई अ‍ॅथलेटिक्स. देशोदेशीचे धावपटू येऊन गेले. आपल्या पश्चिम पट्ट्यातल्या, धरणाच्या वरच्या अंगाच्या पोरांना मात्र तो ट्रॅक स्पर्धेच्या दिवशीच दिसतो. सराव मुरमावर, परीक्षा रबरावर. ही अडचण एका दिवसात सुटणारी नाही. म्हणूनच बुटाचा विचार जास्त करावा लागतो.

जगातही आधी मातीच होती. १९३६ च्या बर्लिन ऑलिंपिकमध्ये जेसी ओवेन्सने चार सुवर्णपदके जिंकली ती जळक्या कोळशाच्या भुकटीच्या ट्रॅकवर. सुरुवातीला पाय रोवायला खुरप्यासारख्या हत्याराने खड्डे खणावे लागत. ऑलिंपिकला सिंथेटिक ट्रॅक पहिल्यांदा आला १९६८ साली, मेक्सिकोत. त्याच वर्षी पुमा कंपनीने तळव्याला ६८ बारीक सुया असलेला बूट काढला होता, तो नियमात बसवला गेला नाही. जमीन बदलली की खिळा बदलतो, हे तेव्हापासूनचे आहे.

आता शर्यतीकडे येऊ. शंभर-दोनशे मीटर पळणारा चवड्यावर पळतो, टाच जवळजवळ टेकतच नाही. म्हणून त्याच्या बुटाचा पुढचा भाग ताठ असतो, टाचेखाली गादी नसते आणि सगळे खिळे पुढे असतात. हा ताठपणा चांगल्या पायाला वेग देतो. पण तो वाकवायला पोटरीत ताकद लागते. तेरा-चौदा वर्षांच्या, वजनाने हलक्या पोरीला तो बूट वाकत नाही, उलट तोच तिच्या पोटरीला वाकवतो. पौडला भेटलेल्या शेतकऱ्याच्या मुलीचे हेच झाले होते. दुकानात बूट दोन्ही हातांत धरून वाकवून पाहावा. मोठ्या माणसाच्या हातालाही तो जड जात असेल, तर नवशिक्या पोरासाठी तो नाही. मग त्यावर कोणाचेही नाव छापलेले असो. पहिला बूट मध्यम ताठ आणि टाचेखाली पातळ गादी असलेला घ्यावा. मध्यम पल्ल्याचा म्हणून विकतात तो बूटसुद्धा सुरुवातीला शंभर मीटरला चालतो. एखादा दशांश सेकंद जाईल, जाऊ द्या. पाय राहील.

अडथळ्यांच्या शर्यतीत मामला थोडा वेगळा आहे आणि इथेच लोक जास्त चुकतात. महिलांच्या शंभर मीटरला पहिला अडथळा तेरा मीटरवर, मग दर साडेआठ मीटरवर एक, असे दहा. पहिल्यापर्यंत बहुधा आठ पावले आणि पुढे दोन अडथळ्यांमध्ये फक्त तीन. पुरुषांच्या ११० मीटरला हेच अंतर १३.७२ आणि ९.१४ मीटर. पावले ठरलेली असतात, त्यात वाढ-घट नाही. भाताच्या चारसूत्री लावणीत दोरी कशी धरतात, तसे. त्यामुळे पहिल्या आठ पावलांत पाय जरा जरी सरकला तरी अडथळा दूर राहतो आणि पुढचे सगळे गणित बिघडते. म्हणजे पकड चांगली हवी. पण प्रत्येक अडथळ्यावरून खाली येताना सगळे वजन एका पायाच्या चवड्यावर येते, दहा वेळा. म्हणून पायाला घोट्याभोवती धरून ठेवणारा, आत पाय न हलणारा बूट हवा. टाच आत वरखाली झाली तर तो बूट अडथळ्यांसाठी बाद. मागून येणारा पाय दुमडून बाजूने येतो, नवशिक्याचे खिळे त्या वेळी दुसऱ्या पोटरीला ओरखडतात. माझ्या डाव्या पोटरीवर ती खूण अजून आहे. तेव्हा पहिले दोन-तीन महिने कमी उंचीचे अडथळे, गवत आणि साधे बूट. खिळे त्यानंतर. चारशे मीटर अडथळ्यांना शेवटी पाय थकलेले असतात, तिथे फार ताठ बूट मोठ्यांनाही जड जातो.

आपल्या मराठवाड्यातल्या तेजस शिरसेने मे २०२४ मध्ये फिनलंडमध्ये ११० मीटर अडथळे १३.४१ सेकंदांत पार करून राष्ट्रीय विक्रम केला. त्याआधीचा विक्रम मुंबईच्या सिद्धांत थिंगलयाचा, १३.४८. सात शतांश सेकंदांसाठी सात वर्षे गेली. १९८४ ला पी. टी. उषाचे कांस्यपदक एका शतांशाने हुकले, तीही अडथळ्यांचीच शर्यत. या पातळीवर बुटाचा ग्रॅमही मोजतात. आपल्या पोरांना ते दिवस येतील तेव्हा येतील. जाड फोमच्या महागड्या बुटांचे वेड आहे, पण त्यालाही १ नोव्हेंबर २०२४ पासून ट्रॅकवर वीस मिलिमीटर जाडीची मर्यादा आहे. आपण त्या वाटेला न गेलेले बरे.

आता ती पान्याची गोष्ट. माझी पुतणी सतरा वर्षांखालील गटात अडथळे पळायची. तिच्यासाठी बूट मीच आणले. वाढते अंग म्हणून एक नंबर मोठे घेतले आणि मातीवर पळते म्हणून बारा मिलिमीटरचे खिळे. तालुक्याला मातीवर ती पहिली आली. घरात पेढे वाटले. जिल्ह्याची स्पर्धा सिंथेटिकवर. शर्यतीआधी पंचांनी बूट उलटे करून पाहिले आणि खिळे बदलून या म्हणाले. त्यांचे काही चुकले नाही. चूक माझी. पाना घरी राहिलेला, लहान खिळे घेतलेलेच नाहीत आणि जे लावले होते ते पावसात गंजून बसलेले. दुसऱ्या एका मुलाचा पाना आणला, तर खिळ्याची कड झिजून पाना फिरायला लागला. शेवटी पोरगी साध्या बुटांवर उभी राहिली. आठ पावलांत पहिल्या अडथळ्याजवळ पोहोचलीच नाही, लांबून उडी घेतली, चौथ्या अडथळ्याला पाय लागून पडली. गुडघा सोलला, शर्यत गेली. परत येताना पिरंगुटपर्यंत ती एक शब्द बोलली नाही. मग म्हणाली, "काका, तुम्ही बियाण्याच्या पिशवीवरचं बारीक अक्षरसुद्धा वाचता ना?"

पुढच्या वर्षी तिने दहावीमुळे खेळ सोडला. बूट माळ्यावर आहेत.

म्हणून सांगतो, वाढत्या अंगाचा हिशोब कपड्यांना ठीक आहे, खिळ्यांच्या बुटांना नाही. बूट संध्याकाळी घ्यायला जावे, दिवसभर पाय थोडा फुगलेला असतो. ज्या मोज्यावर पळणार तो मोजा घालून बघावा. बोटे पुढे टेकली तरी दुमडता कामा नयेत. आपल्या पोरांचे बालपण अनवाणी गेलेले असते, पंजा रुंद असतो. पुष्कळ बूट तिथे आवळतात. अशा वेळी मोठा नंबर न घेता रुंद पंजाचा दुसरा प्रकार मागावा. जालंधर-मेरठकडचा देशी माल स्वस्त असतो आणि सुरुवातीला वाईट नसतो. फक्त खिळा बसतो त्या भोकातले धातूचे आटे बोट फिरवून तपासावेत. आटे गेले की बूट गेला. आट्यांना थोडे ग्रीस किंवा व्हॅसलीन लावावे, भिजले तर खिळे काढून पुसावेत, आत कागद कोंबून सावलीत वाळवावेत. चुलीपाशी ठेवू नयेत. फवारणीचा पंप आपण धुऊन ठेवतो, तेवढीच मेहनत.

पोलीस भरतीची तयारी करणाऱ्यांनी १०० मीटरच्या पंधरा गुणांसाठी खिळे घेण्याआधी जाहिरातीतल्या अटी वाचाव्यात.

राहता राहिला पैशांचा प्रश्न. गावोगाव शेती अवजारांची बँक निघते, रोटाव्हेटर एकाने घेऊन दहा जण वापरतात. शाळेत तशी बुटांची पेटी का नसावी? चार ते नऊ नंबरचे दहा-बारा जोड, सहा आणि नऊ मिलिमीटरच्या खिळ्यांची एक डबी, दोन पाने आणि नोंदीची एक वही. पोराचा पाय वाढला की जोड परत, दुसऱ्याच्या पायात. वाढदिवसाच्या फ्लेक्सवर आपल्या तालुक्यात एका चौकात जेवढा पैसा लटकतो, तेवढ्यात अशी पेटी सहज होईल. यात्रेत पोरापेक्षा उंच करंडक देणाऱ्या मंडळींना मी हे तोंडावर सांगितले आहे. "बघू साहेब," म्हणाले. एका गावात माजी विद्यार्थ्यांनी सहा जोड जमवले आहेत, तेवढी सुरुवात झाली आहे.

पौडच्या त्या शेतकऱ्याचे बूट दुकानदाराने परत घेतले नाहीत, वापरलेले होते. शेजारच्या वाडीतली कॉलेजची एक मुलगी बालेवाडीला सरावाला जाते, तिच्या पायाला ते बसले. तिने निम्मे पैसे दिले. त्याची पोरगी यंदा साध्या बुटांवरच तालुक्याला पळणार आहे. भात निघाल्यावर, खाचराच्या कडेला जमीन वाफशाला आली की तिच्यासाठी दुसरे बूट बघायला मी बरोबर जायचे, असे ठरले आहे. पाना तेवढा त्याने आधीच घेऊन ठेवला आहे.