घरच्या मैदानावर जिंकलो, बरं मग?

१९ मार्च २०२५ ला शिलाँगच्या मैदानावर भारताने मालदीवला ३-० हरवलं, तेव्हा आमच्या जुन्या पलटणीच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर सरळ दोन तट पडले. एक तट म्हणाला, बघा, गडी जागे झाले. नोव्हेंबर २०२३ मध्ये कुवेतला त्यांच्या घरात हरवल्यापासून सोळा महिने आपण एकही सामना जिंकलो नव्हतो, त्यामुळे त्यांचा आनंद समजण्यासारखा होता. त्यात पहिला गोल मुंबईच्या राहुल भेकेचा, आणि तिसरा निवृत्ती मागे घेऊन परत आलेल्या सुनील छेत्रीचा. दुसऱ्या तटाचे म्होरके होते आमचे एक निवृत्त सुभेदार साहेब. त्यांचा एकच मेसेज आला : "आमच्या कोल्हापूर शहराएवढा तो देश. त्याला हरवलं म्हणून पेढे वाटायचे काय?"

माझं मत विचाराल तर पेढे जरूर वाटावेत. सोळा महिने हरलेल्या संघाला जिंकण्याची सवय परत लावायची तर कुठून तरी सुरुवात करावीच लागते, आणि समोरचा लहान आहे म्हणून गोल आपोआप होत नाहीत. पण या भांडणात दोन्ही बाजू फक्त समोरचा संघ किती मोठा हेच मोजत होत्या. सामना घरी झाला, म्हणजे नक्की कुठे झाला, हे कुणी विचारलं नाही. दर दोन-तीन वर्षांनी बिस्तरा बांधणाऱ्या आपल्यासारख्या माणसांना तरी हा प्रश्न पडायला हवा.

सध्या माझं पोस्टिंग दिल्लीत आहे. बायकोच्या सरकारी नोकरीमुळे सरोजिनी नगरात क्वार्टर मिळालंय. या वस्तीचं जुनं नाव विनय नगर, हे इथले म्हातारे अजून सांगतात. जुने दुमजली क्वार्टर पाडून उंच टॉवर उभे राहतायत, म्हणजे इथेही कुणाचं घर फार दिवस जागेवर नाही. बाजार मात्र जागच्या जागी आहे. रविवारी तिथे मुंगीला वाट मिळत नाही. त्या ढिगांत आणि हँगरांवर फुटबॉलच्या जर्सी हव्या तितक्या : अर्जेंटिना, बार्सिलोना, दोन्ही मँचेस्टर. एकदा एका दुकानदाराला मुद्दाम विचारलं, इंडियाची फुटबॉलची आहे का? तो म्हणाला, "इंडिया की तो क्रिकेट वाली मिलेगी, भाईसाब." त्याची चूक नाही. जे खपतं ते तो टांगतो. पण ज्या शहरात भारतीय फुटबॉलने गेल्या पंचवीस वर्षांतले सगळ्यात गोड विजय मिळवले, त्या शहरातल्या दुकानदाराचं हे उत्तर आहे, म्हणून सांगितलं.

सरोजिनी नगरहून पिंक लाइनने लाजपत नगर, तिथे गाडी बदलून व्हायोलेट लाइनने दिल्ली गेट. स्टेशनमधून बाहेर आलात की फिरोजशाह कोटल्याचं क्रिकेटचं मैदान जगाला माहीत आहे. त्याला खेटूनच आंबेडकर स्टेडियम आहे, ते विचारत विचारत जावं लागतं. २९ ऑगस्ट २००७ ला याच मैदानावर नेहरू कपच्या अंतिम सामन्यात भारताने सीरियाला १-० हरवलं. गोल एन. पी. प्रदीपचा. ही स्पर्धा १९८२ मध्ये सुरू झाली, आणि तोवर यजमान असूनही आपण ती एकदाही जिंकली नव्हती. गटातल्या सामन्यात याच सीरियाने आपल्याला ३-२ हरवलं होतं. प्रशिक्षक बॉब हॉटन, कप्तान भाईचुंग भुतिया.

पुढच्या वर्षीचा सामना मला त्याहून मोठा वाटतो. एएफसी चॅलेंज कपचे सामने हैदराबादला सुरू होते. तिथे पावसाने मैदानाचं तळं केलं, आणि अंतिम सामना ऐनवेळी दिल्लीला हलवला. १३ ऑगस्ट २००८. तारखा लक्षात घ्या : दोनच दिवसांपूर्वी अभिनव बिंद्राने बीजिंगला सुवर्णपदक जिंकलेलं, दोन दिवसांनी पंधरा ऑगस्ट, आणि लाल किल्ला या स्टेडियमपासून हाकेच्या अंतरावर. पंधरा ऑगस्टच्या आधीच्या दिल्लीत ज्यांनी ड्यूटी केली आहे त्यांना त्या भागातला बंदोबस्त वेगळा सांगायला नको. अशा गडबडीत भारताने ताजिकिस्तानला ४-१ लोळवलं. छेत्रीचे तीन, भुतियाचा एक. त्या विजयाने आपल्याला २०११ च्या आशियाई कपचं तिकीट मिळालं, १९८४ नंतर पहिल्यांदा. म्हणजे शिपाई म्हणून भरती झालेला माणूस सुभेदार मेजर होऊन पेन्शनीत जावा, एवढा काळ मधे गेला होता.

दुसऱ्या दिवशी चर्चा बिंद्राचीच होती, आणि ती रास्तच होती.

२००९ ला पुन्हा आंबेडकर स्टेडियम, पुन्हा अंतिम फेरीत सीरिया, पेनल्टीवर विजय, गोलात सुब्रत पाल भिंतीसारखा उभा. २०१२ ला जवाहरलाल नेहरू स्टेडियमवर कॅमेरूनला पेनल्टीवर हरवून सलग तिसरा नेहरू कप. त्यानंतर तो कप पुन्हा भरलाच नाही. मधल्या काळात दोह्याला आशियाई कप खेळून आलो : ऑस्ट्रेलियाकडून ०-४, बहरीनकडून २-५, दक्षिण कोरियाकडून १-४. त्या निकालांवर हसणारे पुष्कळ होते. मी हसणार नाही, कारण तिथे पोचणं हेच आंबेडकर स्टेडियमवरच्या त्या दिवसाचं खरं फळ होतं. मला खटकतं ते वेगळंच. जिंकलेली स्पर्धा आपण बंद होऊ दिली, आणि जिंकलेल्या मैदानाकडे पाठ फिरवली.

आता त्या हरलेल्या सीरियाचं काय झालं ते ऐका. २०११ पासून तो देश यादवी युद्धात होरपळला. घरी आंतरराष्ट्रीय सामने घेणं अशक्य झालं. त्यांचे 'घरचे' सामने परक्या देशांत व्हायचे. २०१८ च्या विश्वचषकाची पात्रता फेरी ते मलेशियात घर मानून खेळले. हजारो किलोमीटरवर, परक्या हवेत, मोजक्या प्रेक्षकांपुढे. तरीही ऑक्टोबर २०१७ मध्ये ते आशियातल्या शेवटच्या प्लेऑफपर्यंत पोचले. ऑस्ट्रेलियाशी मलेशियात १-१, आणि सिडनीत जादा वेळेत २-१ ने हार. एवढ्यावरून विश्वचषक हुकला.

त्याच आठवड्यात दिल्लीत काय चाललं होतं? १७ वर्षांखालील विश्वचषक. भारताचे तिन्ही सामने नेहरू स्टेडियमवर. संघात आपल्या कोल्हापूरचा अनिकेत जाधव. अमेरिकेकडून ०-३, घानाकडून ०-४, पण मधल्या कोलंबियाच्या सामन्यात जॅक्सन सिंगने हेडरने गोल केला, फिफाच्या कुठल्याही विश्वचषकातला भारताचा पहिला गोल. तो आनंद मिनिटभरसुद्धा टिकला नाही, कोलंबियाने लगेच दुसरा गोल ठोकला. तरी त्या पोरांनी मैदान गाजवलं. आपल्याकडे घर होतं, गर्दी होती, पंतप्रधानांची हजेरी होती. सीरियाकडे फक्त संघ होता.

पुढचं गणित कडू आहे. जानेवारी २०२४ मध्ये कतारला आशियाई कपात सीरियाने आपल्याला १-० हरवलं. सप्टेंबर २०२४ मध्ये हैदराबादला, आपल्या घरात, ३-० हरवलं. घराचा फायदा असतो हे मीही मानतो. प्रवासाचा शीण नाही, हवा ओळखीची, गर्दीचा आवाज आपल्या बाजूचा. पण तो फायदा त्या दिवसापुरता असतो. ज्याचं घर गेलं तो संघ पुढे निघून गेला आणि घर असलेला मागे राहिला, याचा अर्थ आपण घर म्हणजे केवळ पत्ता समजत होतो.

दिल्लीचंच बघा. २०१४ मध्ये आयएसएल सुरू झाली तेव्हा नेहरू स्टेडियमवर दिल्ली डायनामोज आला. २०१९ मध्ये संघ उचलून भुवनेश्वरला नेला, नाव झालं ओडिशा एफसी. २०२३ पासून त्याच स्टेडियमवर पंजाब एफसी 'घरचे' सामने खेळू लागला. दिल्लीच्या समर्थकाने पंजाबच्या घरच्या विजयावर टाळ्या वाजवाव्यात की नाही, हे त्यालाच ठरवू दे. महाराष्ट्राने फार फुशारकी मारू नये. महिंद्रा युनायटेडने २००५-०६ ची राष्ट्रीय लीग जिंकली आणि २०१० मध्ये संघच बंद झाला.

आणि आपलं, फौजेचं. ड्युरँड कप १८८८ ला सिमल्यात सुरू झाला, १९४० ला दिल्लीत आला, आणि पुढे कित्येक पिढ्यांनी तो दिल्लीतच पाहिला. गोरखा ब्रिगेडने १९६६ आणि १९६९ ला तो उचलला, हे जुन्या मंडळींना तोंडपाठ आहे. सप्टेंबर २०१६ मध्ये आंबेडकर स्टेडियमवर आर्मी ग्रीनने नेरोकाला पेनल्टीवर हरवून कप जिंकला. फौजेची स्पर्धा, फौजेचा संघ, राजधानीचं मैदान; याहून घरचा विजय कुठला असणार? पुढची दोन वर्षं स्पर्धाच झाली नाही. २०१९ ला झाली ती कोलकात्यात. तिथे गर्दी आहे, फुटबॉलचं वेड आहे, त्यामुळे निर्णय चुकीचा होता असं मला वाटत नाही. स्पर्धा जिथे लोक जातात तिथे जाणारच. पण दिल्लीने ती जाताना हूं की चूं केलं नाही, हे मला लागतं.

आता कोल्हापूरचं सांगतो, आणि आपल्या गावचं म्हणून नाही. शाहू स्टेडियमवर पाटाकडील आणि दिलबहार समोरासमोर आले की पेठेतली दुकानं लवकर बंद होतात. तिथे कुणी 'भारतीय फुटबॉलला चालना' वगैरे द्यायला येत नाही. माणूस येतो कारण त्याचा बाप यायचा, आणि संघ त्याच्या तालमीचा आहे. संघ हरला तर तो शिव्या घालतो आणि पुढच्या सामन्याला पुन्हा येतो. कधी हाणामाऱ्या होतात, बंदोबस्त लागतो, त्याची बाजू मी घेणार नाही. पण जिंकल्यावर कपाळी गुलाल आणि हरल्यावर तोंडात शिवी असलेला हा माणूसच घर असतो. सिमेंटच्या पायऱ्या कुठेही बांधता येतात.

सुभेदार साहेबांना मी हेच लिहिलं. मालदीव लहान आहे हे खरं, पण शिलाँगच्या गर्दीला ते ठाऊक असूनही ती आली होती. सहाच दिवसांनी त्याच मैदानावर बांगलादेशाशी ०-० बरोबरी झाली. मग हाँगकाँगमध्ये हार, सिंगापुरात बरोबरी, आणि ऑक्टोबरात मडगावच्या फातोर्ड्यावर, म्हणजे पुन्हा घरीच, सिंगापूरकडून १-२ हार. २०२७ चा आशियाई कप हुकला. साहेबांचं उत्तर आलं : "म्हटलं नव्हतं?" पहिल्या तटातल्या एकानेही ग्रुपवर तोंड उघडलं नाही. मार्चमध्ये पेढ्यांचे फोटो टाकणाऱ्यांनी ऑक्टोबरात निदान एक कडक शिवी तरी टाकायला हवी होती. गप्प बसणं मला हरण्याहून वाईट वाटलं. अशाने छेत्री आणखी चार वेळा निवृत्ती मागे घेईल, पण त्याच्या जागी येणाऱ्या पोराला नावानिशी ओळखणारा कुणी नसेल.

दिल्लीची स्थानिक लीग आंबेडकर स्टेडियमवर अजूनही खेळली जाते. खेळाडूंमध्ये गढवाली, मणिपुरी, पूर्व दिल्लीची पोरं असतात, पायऱ्यांवर आपण असायला हवं. दिल्लीत किंवा कॅंटमध्ये जे कुणी माजी सैनिक हे वाचत असतील त्यांनी कळवावं. दिल्ली गेट स्टेशनच्या बाहेर भेटू. चहा माझ्याकडून, आणि कुठल्या संघाच्या बाजूने ओरडायचं ते पायऱ्यांवर बसल्यावर ठरवू.