पट्टीवरचे तेल

गिअरबॉक्सचे तेल पाहणे हे काम इतके सोपे समजले जाते की, ते सहसा घरातल्या सर्वांत धाकट्या पोराकडे जाते. पट्टी काढली, फडक्याने पुसली, पुन्हा घातली, खूण ओली दिसली की झाले! वाचकहो, यंत्र जुने असेल तर या ओल्या खुणेवर मी तरी लगेच विश्वास ठेवणार नाही.

आश्विनात महागाव तालुक्यातल्या फुलसावंगीस गेलो होतो. सोयाबीन निघाले होते आणि हरभऱ्यासाठी रान करण्याची घाई चालली होती. एका कास्तकाराचा तीस वर्षांचा ट्रॅक्टर मिस्त्रीच्या दारी उभा होता. तेल वरच्या खुणेच्याही वर, म्हणून मालक खुशीत. मिस्त्रीने पट्टीवरचा थेंब बोटांत चोळला आणि म्हणाला, "भाऊ, हे तेल नोहे, ताक हाय."

गिअरच्या दांडीवरचे रबर फाटलेले. ट्रॅक्टर पावसाळाभर उघड्यावर. पाणी दांडीवाटे आत उतरले आणि पातळी वाढली! पाणी तेलापेक्षा जड. मिस्त्रीने यंत्र रात्रभर हलवू दिले नाही. सकाळी चालू न करताच खालचा नट सैल केला, तर आधी पाण्याची धार आली आणि मग मळकट पांढरे तेल. त्याच तेलावर नांगरणी झाली असती तर बेअरिंगे गेली असती. ऐन हंगामात गिअरबॉक्स खोलायचा म्हणजे स्वतःचे रानही पडून आणि भाड्याची कामेही दुसऱ्याच्या दारी. मालकाचा चेहरा पाहण्यासारखा झाला होता.

कित्येक ट्रॅक्टरांत आणखी एक गोम असते. मॅसी फर्ग्युसन 35 घ्या. त्यात गिअरबॉक्स आणि मागची लिफ्ट एकाच तेलावर चालतात. लिफ्ट किंवा ट्रॉली वर उचललेली असेल तर तेवढे तेल तिकडे गेलेले असते. त्या वेळी पट्टी पाहून वर तेल ओतले, तर सगळे खाली आल्यावर ते जास्त होते. दाते ते घुसळतात, फेस येतो, सीलमधून तेल झिरपू लागते. म्हणून सपाट जागा, इंजिन बंद, लिफ्ट खाली, आणि मग पट्टी.

पण हाच नियम जुन्या लोडरला किंवा डोझरला लावू नये. ज्यांत टॉर्क कन्व्हर्टर असतो, अशा बहुतेक यंत्रांचे तेल इंजिन हलक्या गतीवर चालू ठेवून, तेल तापल्यावर, गिअर न्यूट्रलमध्ये व ब्रेक लावून पाहायचे असते. इंजिन थांबले की कन्व्हर्टरमधले तेल खाली उतरते आणि पट्टी भरलेली दिसते. सुरू केल्यावर तेल कमी पडते, पंप हवा ओढतो, क्लचच्या प्लेटा घसरतात आणि जळतात. पट्टीला करपट वास आला तर नुसते तेल ओतून भागत नाही. बाहेरून सारख्या दिसणाऱ्या दोन डोझरांत एकाला साधा गिअरबॉक्स आणि दुसऱ्याला कन्व्हर्टर, असेही असते. म्हणून आधी यंत्राचे पुस्तक पाहावे. काही कंपन्यांची रीत याहूनही वेगळी असते.

तेलाच्या जातीबद्दलही एक शब्द. जुन्या गिअरबॉक्सांत पितळी-काशाचे भाग असतात. काही नव्या जोरकस तेलांतले गंधक त्यांना खाते. महागडे तेल म्हणजे चांगले तेल, हा समज मला तरी पटत नाही.

पण पुस्तक तर केव्हाच हरवलेले आणि पट्टीही भलत्याच यंत्राची, ही खरी अडचण! अशा वेळी त्या मॉडेलचे माप कंपनीच्या विक्रेत्याकडून लिहून आणावे. जुने तेल पूर्ण काढून मापाने नवे भरावे, त्या यंत्राच्या रीतीप्रमाणे पट्टी घालावी आणि तेल जिथवर आले तिथे कानशीने बारीक खूण करावी.