'लवचीक' कोण आणि वाकवणारा कोण?

वर्गसंघर्ष केवळ कारखान्याच्या दारावर चालत नाही. तो शब्दांच्या क्षेत्रातही चालतो. राज्यकर्त्या वर्गाला एखादा हक्क हिरावून घ्यायचा असला, की त्या कृत्याला तो आधी एक गोंडस नाव देतो. १९९१ पासून आपल्या देशात हे काम ज्या शब्दांनी केले, त्यांत इंग्रजीतील 'फ्लेक्सिबल' हा शब्द अग्रभागी आहे. मालकसंघटनांची निवेदने, जागतिक बँकेचे अहवाल, भांडवली वृत्तपत्रांचे अग्रलेख, सर्वत्र एकच घोष: श्रमबाजार 'फ्लेक्सिबल' करा! मराठीत हा शब्द 'लवचीक' होऊन आला आणि आल्याबरोबर प्रतिष्ठित झाला. वेताची काठी लवचीक, खेळाडूचे शरीर लवचीक, शहाण्याचे मन लवचीक. मग जो लवचीक नाही तो ताठर, हेकट, काळाच्या मागे पडलेला! वादाला तोंड फुटण्यापूर्वीच कामगार संघटना आरोपीच्या पिंजऱ्यात उभी केली जाते.

परंतु हा शब्द मुळात काय सांगतो? 'वाकवणे' या अर्थाच्या लॅटिन धातूपासून तो निघाला असून त्याचा मूळ अर्थ 'वाकवता येण्याजोगा' असा आहे. मराठी 'लवचीक' हा वस्तूचा अंगभूत गुण वाटतो. 'वाकवता येण्याजोगा' म्हटले, की लगेच प्रश्न उभा राहतो: वाकवणारा कोण, आणि कोणाच्या फायद्यासाठी? श्रमबाजार हे काही वेताचे बन नव्हे. तेथे एक श्रमशक्ती विकणारा आहे आणि दुसरा ती विकत घेणारा. तेव्हा 'लवचीक श्रमबाजार' याचे प्रामाणिक मराठी 'मालकाला हवा तसा वाकवता येणारा कामगार' असेच करावे लागेल.

ही वस्तू नवी नाही. नाव तेवढे नवे आहे. मुंबईच्या कापडगिरण्यांत 'बदली' कामगार रोज सकाळी गिरणीच्या दारात उभा राहत असे. कायम कामगार गैरहजर असेल तर काम, नाही तर रिकाम्या हाताने परत. वर्षानुवर्षे हीच स्थिती. या बदली कामगारांना कायम करा, ही १८ जानेवारी १९८२ रोजी सुरू झालेल्या ऐतिहासिक गिरणी संपाची एक मागणी होती. बदली, रोजंदारी, हंगामी, कंत्राटी या जुन्या शब्दांत निदान लपवाछपवी नव्हती. ते उच्चारताच अनिश्चित भाकरीचे चित्र उभे राही. 'लवचीक' या शब्दाने ते चित्रच पुसून टाकले.

आता कायद्याकडे पाहावे. औद्योगिक विवाद कायद्यात १९७६ साली घातलेल्या तरतुदींनुसार मोठ्या कारखान्यांना ले-ऑफ, नोकरकपात वा टाळे लावण्यापूर्वी सरकारची परवानगी घेणे बंधनकारक झाले. प्रारंभी ३०० कामगारांची असलेली मर्यादा १९८२ च्या दुरुस्तीने १०० वर आणण्यात आली, म्हणजे संरक्षणाची कक्षा रुंदावली. २०२० च्या औद्योगिक संबंध संहितेने ती पुन्हा ३०० वर नेली, आणि अधिसूचना काढून आणखी वाढवण्याची मुभा सरकारला दिली. ठरावीक मुदतीच्या नेमणुकीला तिने राजमान्यता दिली. मुदत संपून गेलेली नोकरी 'कपात' या व्याख्येतच बसत नाही. २१ नोव्हेंबर २०२५ पासून चारही श्रमसंहिता लागू करण्यात आल्या.

आणि कामगाराच्या हाती जे हत्यार आहे, त्या संपाचे काय? तेथे मात्र लवचीकतेचा मागमूस नाही! पूर्वी चौदा दिवसांच्या नोटिशीची सक्ती मुख्यतः सार्वजनिक उपयोगितेच्या सेवांना होती. ती आता प्रत्येक कारखान्याला लागू झाली आहे. मालकाचे बंधन सैल आणि कामगाराचे बंधन घट्ट, हा या शब्दाचा खरा वर्गीय अर्थ आहे.

कामाच्या तासांबाबतही तेच. १७ एप्रिल २०२० रोजी महामारीच्या आडून गुजरात सरकारने बारा तासांच्या दिवसाला परवानगी दिली आणि जादा तासांचा दुप्पट मोबदलाही काढून घेतला. १ ऑक्टोबर २०२० रोजी सर्वोच्च न्यायालयाने तो आदेश रद्द ठरवला. २१ एप्रिल २०२३ रोजी तामिळनाडू विधानसभेत 'लवचीक' कामाच्या तासांचे विधेयक संमत झाले. कामगार संघटना आणि डावे पक्ष एकवटले. तीन दिवसांत अंमलबजावणी स्थगित झाली, आणि १ मे रोजी विधेयक मागे घेतल्याची घोषणा करावी लागली. कामगार न वाकता उभा राहिला, तेव्हा सरकारला वाकावे लागले.

लवचीकतेमुळे रोजगार वाढेल, असे तिचे भाट सांगतात. मालक माणसे घेतो ती मालाला मागणी असल्यावर. काढून टाकणे सोपे झाले म्हणून कोणी माणसे घेत नाही. शिवाय कायदा 'ताठर' असल्याचा कंठशोष चालू असतानाच, उद्योगांच्या २०२२-२३ च्या सरकारी वार्षिक पाहणीत कारखान्यांतील दर पाच कामगारांमागे सुमारे दोन कंत्राटी आढळले. एवढे वाकवूनही ज्यांचे समाधान होत नाही, त्यांना रोजगार वाढवायचा नसून मजुरी पाडायची आहे.

याचा अर्थ कम्युनिस्टांना लवचीकतेचे वावडे आहे असा नाही. लेनिनने १९२० साली 'डाव्या' बालरोगावर टीका करताना ध्येयनिष्ठेबरोबरच डावपेचांतील लवचीकतेचाही आग्रह धरला होता. तान्ह्या मुलाची आई असलेल्या कामगार स्त्रीने सोयीच्या पाळीची मागणी केली, तर तीही न्याय्यच आहे. पण येथे वळणारा आपल्या निर्णयाने, आपल्या गरजेसाठी वळतो. निर्णय दुसऱ्याचा, नफा दुसऱ्याचा आणि पाठ तेवढी आपली, याला लवचीकता म्हणत नाहीत, गुलामगिरी म्हणतात.

म्हणून कार्यकर्त्यांनी हा शब्द निमूटपणे स्वीकारू नये. इंदूर असो वा बेळगाव, नागपूर असो वा सुरत, दारसभेत, पत्रकात, वाटाघाटीच्या टेबलावर तो समोर आला, की एकच प्रश्न विचारावा: वाकणार कोण आणि वाकवणार कोण? ९ जुलै २०२५ च्या देशव्यापी संपात कोट्यवधी श्रमिकांनी या प्रश्नाला आपले उत्तर दिले. ते उत्तर प्रत्येक कारखान्यापर्यंत, प्रत्येक कंत्राटी कामगारापर्यंत पोहोचवणे आणि कायम व कंत्राटी यांची एकजूट उभारणे, हेच आजचे तातडीचे कार्य आहे.