गोळीतलं आणि भोपळ्यातलं
औषधांच्या दुकानातली ‘अँटिऑक्सिडंट’ची बाटली आजोबांना खुणावते खरी; पण १९९४ साली फिनलंडमधल्या एका चाचणीचा निकाल आला, तेव्हा डॉक्टरही चपापले. धूम्रपान करणारे, ५० ते ६९ वयाचे २९,१३३ पुरुष त्यात होते. ज्यांना रोज बीटा-कॅरोटीन या अँटिऑक्सिडंटची गोळी दिली, त्यांच्यात फुप्फुसाचा कर्करोग घटायचा सोडून १८ टक्क्यांनी जास्त निघाला. तेच बीटा-कॅरोटीन लाल भोपळ्यात, गाजरात, शेवग्याच्या पाल्यात असतं. तिथे मात्र सोबत चोथा आणि खनिजंही येतात. कवळी लावणाऱ्या आजींना कच्चं गाजर चावत नाही, मग भोपळा वाफवून घोटायचा आणि वर चमचाभर तूप. बीटा-कॅरोटीन हे रंगद्रव्य स्निग्धात विरघळतं, कोरड्या भाजीतून ते नीट शोषलं जात नाही. आवळाही किसूनच, मीठ लावून, ताटात डावीकडे.